एका माणसाचे खाते: खान्देशातली हायस्कुले आणि तिथले मास्तर

आजच्या धाग्यात राजे नाहीत, किल्ले नाहीत, तहही नाहीत. आज बोलायचे आहे ते हजेरीपटाविषयी, वेळापत्रकाविषयी आणि विसाव्या शतकाच्या मध्यात जळगाव-धुळ्याकडच्या हायस्कुलांत इंग्रजी, संस्कृत, ड्रॉइंग, ड्रिल शिकवणाऱ्या माणसांविषयी. पदव्युत्तर वर्गात शिक्षणाचा इतिहास शिकताना आमच्यासमोर आयोग येतात, अहवाल येतात, कायदे येतात. मास्तर मात्र क्वचितच येतात. वास्तविक अहवालातले धोरण मुलापर्यंत पोचायचे, किंवा वाटेतच अडायचे, ते याच माणसांच्या हातून.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९०६ साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९६० पर्यंत कागदोपत्री जळगाव म्हणजे पूर्व खान्देश आणि धुळे म्हणजे पश्चिम खान्देश. नंदुरबार वेगळे झाले ते थेट १९९८ मध्ये. म्हणून त्या काळचा एखादा दाखला हाती आला आणि त्यावर ‘प. खानदेश’ असे दिसले, तर गोंधळू नका. शाळेतल्या शेवटच्या परीक्षेचे नावही मध्येच बदलले. १९४८ पर्यंत मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होती. १९४९ पासून तिच्या जागी एस.एस.सी. आली, आणि ती अकरावीच्या शेवटी असे. दहावीची एस.एस.सी. १९७५ पासूनची. घरातले ज्येष्ठ ‘मी जुनी अकरावी’ असे जरा ताठ मानेने म्हणतात, त्याचा उगम इथे आहे.

आता मूळ विषयाकडे. त्याच काळातल्या अमेरिकेतल्या हायस्कुलाची वर्णने वाचली की ‘खाते’ हा शब्द सारखा भेटतो. इंग्रजीचे खाते, विज्ञानाचे खाते, गृहशास्त्राचे, लाकूडकामाचे. प्रत्येकाला प्रमुख, प्रमुखाच्या हाताखाली चार-सहा शिक्षक. जेम्स कॉनंट या शिक्षणतज्ज्ञाने १९५९ मध्ये तिथल्या शाळांची पाहणी करून लिहिले की, ज्या शाळेतून वर्षाला शंभर विद्यार्थीही बाहेर पडत नाहीत, ती शाळा इतके विविध विषय नीट शिकवूच शकत नाही. हा निकष आपल्या तालुक्याच्या गावांना लावला असता, तर किती शाळा उरल्या असत्या याचा विचार करून पाहा. आपल्याकडे खाते म्हणजे बहुधा एक माणूस असे. संस्कृतचे खाते म्हणजे शास्त्रीबुवा. चित्रकलेचे खाते म्हणजे ड्रॉइंगमास्तर, त्यांची एक खोली आणि त्या खोलीतला प्लॅस्टरचा फुटका घट. मास्तरांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले की खाते बंद, कारण दुसरा माणूस मिळेपर्यंत तो विषय वेळापत्रकातून गळून पडायचा.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या हायस्कुलाचा एक समूहफोटो आहे. चौदा मास्तर, एक बाई. खाली नावे आणि नावांपुढे पदव्या. मी नावांपेक्षा पदव्याच जास्त वेळ वाचत बसलो. बी.ए., बी.टी. असलेले तिघेच. बाकीच्यांत कुणी नुसते बी.ए., कुणी एस.टी.सी., कुणी इंटर, एक काव्यतीर्थ, एक राष्ट्रभाषा कोविद. तेवढ्या दोन ओळींत शाळेचा सगळा कारभार दिसतो. बी.टी. म्हणजे अध्यापनाची पदवी. ती मिळवायला नोकरीतून वर्षभर बाहेर पडावे लागे, आणि तेवढी ऐपत प्रत्येकाची नसे. काव्यतीर्थ म्हणजे जुन्या पद्धतीने संस्कृत शिकलेला माणूस. विद्यापीठाची पायरी न चढताही तो हायस्कुलात शिकवू शके. राष्ट्रभाषा कोविद ही हिंदी प्रचाराच्या चळवळीतून आलेली परीक्षा. म्हणजे १९४७ नंतर शाळेत हिंदी अनिवार्य होऊ लागली तेव्हा तिचे शिक्षक विद्यापीठातून कमी आणि चळवळीतून अधिक आले. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. एक विषय शाळेत आपल्या पाठीशी एक राजकीय चळवळ घेऊन आला, आणि तो शिकवणाऱ्या माणसाच्या अंगावर बहुधा खादीच असे.

खान्देशात शिक्षक आणि चळवळ यांच्या नात्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमळनेरचे. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. गाव साधे नव्हते. सूतगिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तिथे १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर होते, आणि साने अमळनेरला आले ते त्या मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी. शाळेत ते भाषा शिकवीत, पण त्यांचे खरे खाते वसतिगृह होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. रोज, हाताने! पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक आले. १९३० मध्ये सविनय कायदेभंगासाठी त्यांनी नोकरी सोडली. शाळेतली कारकीर्द अवघी सहा वर्षांची. पण ‘गुरुजी’ हे संबोधन जन्मभर टिकले.

याच्या पुढचा भाग धुळ्याचा. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते, साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने विनोबांनी गीतेवर दिली, आणि ती उतरवून घेतली ती आपल्या या मास्तरांनी. आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहे ती एका शिक्षकाच्या टिपणे घेण्याच्या सवयीमुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु साने गुरुजींचे उदाहरण देऊन थांबणे मला पुरेसे वाटत नाही. अपवादाकडे पाहून नियम समजत नाही. नियम असा की खासगी संस्थेच्या हायस्कुलातला मास्तर संस्थाचालक आणि सरकारी अनुदान यांच्या कात्रीत असे. अनुदान उशिरा आले की पगार उशिरा. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७७ मध्ये, त्याची नियमावली आली १९८१ मध्ये. त्याआधीच्या पिढीने सगळी नोकरी केली ती संस्थेच्या मर्जीवर बरेच काही अवलंबून असताना. शिकवण्या, परीक्षेचे पेपर तपासणे, सुटीत शेती, असे करून संसार चालत. गुरूच्या त्यागाची गोष्ट सांगताना आपण हा हिशेब सोयीस्करपणे विसरतो.

आता भाषेविषयी, या धाग्यातला मला सर्वांत जवळचा भाग हाच. आजोबा अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातले. घरी अहिराणी. ‘मला’ नव्हे, ‘माले’. ‘माझा’ नव्हे, ‘मना’. हायस्कुलातले पुष्कळ शिक्षक पुण्याकडून, कोकणातून आलेले. मराठीच्या तासाला ‘माले’ तोंडून गेले की वर्ग हसायचा, आणि हसणाऱ्यांत घरी ‘माले’ म्हणणारेच अधिक असायचे. म्हणजे पुस्तकी मराठी ही आजोबांची पहिली परभाषा, हिंदी दुसरी, संस्कृत तिसरी आणि इंग्रजी चौथी. बहिणाबाईंच्या कवितेमुळे जळगावकडच्या बोलीला पुढे मान मिळाला हे खरे. पण त्या कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. आजोबांच्या वर्गात ती वार्ता पोचली नव्हती.

आणि इंग्रजी? १९४८च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात पाचवी ते सातवीचे इंग्रजी बंद झाले. ते आठवीपासून सुरू होऊ लागले. हेतू निंदनीय नव्हता. परभाषेच्या ओझ्याखाली मुलांचे विचार करणे खुंटते, असा त्यामागचा युक्तिवाद, आणि तो आजही मला अर्धा पटतो. पण कॉलेजातली दारे तशीच राहिली: तिथे शिकवणे इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत. शहरातला वकिलाचा मुलगा घरी इंग्रजी शिके. आजोबा १९५४ मध्ये आठवीला हायस्कुलात आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, आणि १९५८च्या मार्चमध्ये एस.एस.सी.ला बसले. चार वर्षे. त्यांचे इंग्रजीचे मास्तर सकाळी शाळेआधी एक तास फुकट घेत, म्हणून आजोबा पास झाले, असे ते आजही सांगतात. अमळनेरला १९४५ पासून कॉलेज होते. ते तिथे गेले आणि पहिल्याच वर्षी परतले. व्याख्यान कळत नसे. एवढेच कारण ते देतात, आणि विषय बदलतात. सर्वांना समान पातळीवर आणण्यासाठी काढलेल्या नियमाने खेड्यातल्या मुलाची तीन वर्षे नेली, हे मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही. ते मला त्या विषय बदलण्यात ऐकू येते.

आजीच्या थोरल्या बहिणीची कथा याहून थोडक्यात सांगता येते. हुशार होती. तिच्या शाळेत मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी नुसते अंकगणित, आणि पदार्थविज्ञान-रसायनाऐवजी शरीरशास्त्र व आरोग्यशास्त्र घेण्याचा सल्ला मिळे. तिने तो ऐकला. उत्तम गुण पडले आणि विज्ञान शाखेचे दार कायमचे बंद झाले. सल्ला देणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, असे ती नेहमी आवर्जून सांगे.

विषयांची ही निवड म्हणजे त्या काळातले मोठे राष्ट्रीय प्रकरण होते. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालचा माध्यमिक शिक्षण आयोग सप्टेंबर १९५२ मध्ये नेमला गेला, आणि ऑगस्ट १९५३ मध्ये त्याने अहवाल दिला. आयोगात केनेथ रास्ट विल्यम्स हे अमेरिकी सदस्य होते. आयोगाने सुचवले की, एकच पुस्तकी वाट ठेवू नका. शेती, तंत्र, वाणिज्य, गृहशास्त्र, ललितकला अशा शाखा असलेली बहुउद्देशीय हायस्कुले काढा. अमेरिकेतल्या त्या खात्याखात्यांच्या शाळेची छाया यात स्पष्ट दिसते. कल्पना चांगली. मात्र जिथे एक माणूस म्हणजे एक खाते, तिथे पाच शाखांना पाच शाळांएवढी माणसे, कर्मशाळा, यंत्रे लागणार होती. बऱ्याच ठिकाणी ‘टेक्निकल’ या नावाखाली एक पत्र्याची शेड, दोन कानशी आणि एक लेथ यंत्र उरले. तरीही कापसाच्या आणि केळीच्या या मुलखात शेती हा विषय हायस्कुलात कधी मानाचा झाला नाही, याचे मला नवल वाटते. शेतकऱ्याने मुलाला शाळेत घातले ते शेतीतून सुटण्यासाठी. तिथेही पुन्हा शेतीच, हे त्याला कसे रुचावे?

ड्रॉइंगमास्तरांवर मात्र अन्याय व्हायला नको. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा गावोगाव होत, आणि त्यांच्यामुळे खेड्यातल्या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे नाव कळे. धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ मध्ये जन्मलेले राम सुतार याच जे. जे.मध्ये शिकले. त्यांच्या चरित्रात श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंचे नाव येते. मुलाच्या हातातले कसब ओळखून त्यांनी त्याला पुढे धाडले. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा पाहायला लाखो लोक जातात. जोशी गुरुजींचे नाव त्यांतल्या किती जणांनी ऐकले असेल?

इतिहासाचे काय, असे तुम्ही विचारणारच. शाळेत इतिहास-भूगोल बहुधा एकाच मास्तरांकडे, आणि तेही इंग्रजीच्या तासांतून उरलेल्या वेळात. खरा इतिहास धुळ्यात शाळेबाहेर चालू होता. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, आणि १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. कागद जपण्याची ही केवढी परंपरा! आणि त्याच जिल्ह्यांत शाळांचे कागद काय झाले? मागच्या वर्षी एका जुन्या शाळेत मी १९५०च्या दशकातले शिक्षकांचे मस्टर मागितले. कारकून भले गृहस्थ होते. त्यांनी मला कपाट उघडून दाखवले. खालचे दोन कप्पे वाळवीने खाल्लेले, वरचे रद्दीत गेलेले. शिवकालीन सनदेला आपण कागद समजतो, मस्टरला समजत नाही.

म्हणून शेवटी एक विनंती. घरात शाळेचा जुना वार्षिकांक, निरोप समारंभाचा फोटो, प्रगतिपुस्तक किंवा एस.एस.सी.चे गुणपत्रक असेल, तर उजेडात धरून त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. समूहफोटो असेल, तर मागची बाजूही टिपा; नावे आणि पदव्या पुष्कळदा तिथेच पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. आणि घरातले कुणी जुने अकरावीवाले हयात असतील, तर त्यांना विचारा, की इंग्रजी कितवीपासून होते आणि संस्कृत घेतले होते की अर्धमागधी. जैन वस्ती असलेल्या गावांत अर्धमागधीचे उत्तर बरेचदा मिळते. पुढचा धागा त्याच विषयावर लिहीन म्हणतो.