बस

गेल्या महिन्यात कोल्हापूरचा आतेभाऊ जेवायला होता. आई तिसरी पुरणपोळी वाढायला गेली तसा त्यानं ताटावर हात आडवा धरला. "बस मामी, बस!" त्याच क्षणी टेबलाखाली मफ्यानं ढुंगण टेकलं, कान टवकारले आणि तो पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहिला. सांगितलेलं काम झालंय, आता मजुरी द्या, असं ते बघणं. इकडे पोळी ताटात पडलीच. "अहो मामी, खरंच बस!" मफ्या बसलेलाच होता. त्यानं उगाच जरा सरकून पुन्हा बसून दाखवलं.

चूक माझी. आमच्या सोसायटीतली झाडून सगळी कुत्री इंग्रजीतून बसतात. भाजीवाल्याशी, बायकोशी, वरच्या मजल्यावरच्या गळतीशी दिवसभर मराठीतून भांडणारे गृहस्थ सकाळी पट्टा हातात घेतला की ‘सिट’, ‘स्टे’, ‘नो’ अशा साहेबी थाटात शिरतात. त्यात वाईट काही नाही. तोकडे, टोकदार शब्द, जेवताना कुणी बोलत नाही, शिकवणीला सोयीचेच. पण मला हट्ट. साताऱ्यात जन्मलेलं, पावसात पार्किंगमध्ये सापडलेलं गावठी पिल्लू. त्याला मराठी कळलं पाहिजे. नाव ठेवायचं काम नातीनं परस्पर उरकलं होतं. मफिन. आईनं दुसऱ्या दिवशी त्याचा मफ्या केला आणि तो त्यालाच ओ देऊ लागला, तेव्हा माझी उमेद वाढली.

शब्द शोधायला गेलो तर आपल्याकडे कुत्र्याला हाकलायला ‘हाड’, अंगावर सोडायला ‘छू’, बोलवायला ‘यू यू’. बसवायला काही नाही. दारातलं कुत्रं आपलं आपण बसायचं, त्याला कोण सांगणार? त्यात ‘हाड’ म्हटल्यावर पळायचं की लाळ गाळत जवळ यायचं, हे कोडं त्या बिचाऱ्या जातीनं कसं सोडवलं असेल, देव जाणे.

बसायला शिकवणं मात्र अगदी सोपं निघालं. उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमटीत धरायचा, त्याच्या नाकापाशी न्यायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागं सरकवायचा. नाक वर, मान मागं, आणि तोल सांभाळायला ढुंगण आपोआप खाली. टेकलं रे टेकलं की ‘शाब्बास’ आणि तुकडा तोंडात. तिथं उशीर चालत नाही. खिशात चाचपडत बसलात तर तोवर तो उठलेला असतो, आणि बक्षीस उठण्याला मिळतं. पाच मिनिटं शिकवणी, मग सुट्टी. तिसऱ्या दिवशी नुसता हात वर गेला तरी स्वारी बसायची.

शिकायला वेळ लागला तो घरच्यांना. मी सांगून ठेवलं होतं, एकदाच म्हणायचं. आई म्हणायची, "बस. बस ना रे. बस म्हटलं ना? बसतोस का नाही मेल्या?" मफ्यानं हिशेब केला की हुकूम हा चार वाक्यांचा असतो, चौथं संपल्यावर बसायचं. आईपुढं तो अजूनही तेवढाच वेळ उभा राहतो. शेवटचा ‘मेल्या’ ऐकला की बसतो.

‘ये’ मी माझ्या हातानं नासवला. सुरुवातीला ‘ये’ म्हटलं की गॅलरीतून बाणासारखा यायचा. एका रविवारी ‘ये’ म्हणून बोलावलं आणि थेट बाथरूममध्ये बादलीपुढं उभा केला. पुढच्या रविवारी पुन्हा. त्यानंतर ‘ये’ ऐकला की महाराज पलंगाखाली, आणि तिथून फक्त शेपटीचं टोक दिसायचं. ज्या हाकेनं बोलवायचं तिच्या शेवटी नावडतं काही ठेवायचं नाही, हा धडा मला दोन आंघोळींत मिळाला.

ती गाठ सोडवली रात्रपाळीच्या वॉचमनमामांनी. मी फाटकाशी उभा राहून ‘ये, मफ्या, ये’ घोकत होतो आणि तो कर्दळीच्या वाफ्यात पाठ करून बसलेला. मामा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "यू यू यू यू!" मफ्या त्यांच्या पायाशी. मामांनी खिशातला पाव मोडून दिला आणि मला म्हणाले, "साहेब, तुम्ही लई सावकाश बोलता."

हे वाक्य डोक्यात राहिलं, आणि पुढं पॅट्रिशिया मॅककॉनेल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचताना एकदम वर आलं. कुत्री-घोडी राखणारी, हाकणारी, वेगवेगळ्या भाषांची माणसं गाठून बाईंनी त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. भाषा कुठलीही असो, जनावराला पळवायचं-बोलवायचं तर माणसं तोकडे, तुटक आवाज भराभर काढतात. थोपवायचं-शांतवायचं तर एकच लांब सूर. कोंबड्यांना दाणे टाकताना आमच्या गावच्या बायका ‘ती ती ती’ करायच्या, ते काय वेगळं होतं? शाळेत पीटीचे सर ‘साऽऽऽवधान’ म्हणायचे तेव्हा त्या लांबणाऱ्या ‘सा’वरच पोरं दगड व्हायची; ‘वधान’ कुणी ऐकतच नसे.

बुडापेस्टमध्ये अटिला आंदिच आणि मंडळींनी १३ कुत्र्यांना एमआरआयच्या नळकांड्यात जागं आणि निश्चल पडून राहायला शिकवलं, आणि २०१६ साली दाखवून दिलं की कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला तरच कुत्र्याच्या मेंदूतला खुशीचा भाग जागा होतो. कोरडं ‘शाब्बास’ चालत नाही, लाडात म्हटलेला भलताच शब्दही चालत नाही. निष्कर्ष ठीकच आहे. मी थक्क झालो ते त्या निश्चल पडण्यानं. आमचा मफ्या ‘थांब’वर अकरा आकड्यांपर्यंत पोचलाय, तेही मी मोठ्यानं मोजत असलो तर.

‘थांब’ हा शब्दच मुळात फसवा. त्यातला ‘ब’ ओठावर आपटतो आणि कुत्रं उठतं. आजोबा ‘थांब’ म्हणत नसत. ‘होऽऽ’ म्हणत.

माणदेशातल्या आमच्या विहिरीवर १९७०च्या आगेमागे अजून मोट होती. मी सहा-सात वर्षांचा. बैल धावेवरून खाली जाताना आजोबा नाड्यावर बसायचे, वजन टाकायला. चाक कुरकुरत फिरायचं, मोट वर यायची, सोंडेतून पाणी थारोळ्यात धबाकन कोसळायचं. मग खरी गंमत. रिकामी मोट विहिरीत सोडायला बैलांना धावेवरून उलटं, मागं मागं चढत यावं लागे. मागं विहीर. बैलाला दिसत काही नाही. एका खिलारी खोंडाला हे शिकवताना मी पाहिलंय. त्याला जुन्या, मुरलेल्या बैलाशेजारी जुंपलं होतं. खाली जाताना आजोबा जिभेनं टक टक टक करायचे. मागं घेताना घशातला एक लांबट सूर. त्याला अक्षरं नव्हती, नाहीतर इथं लिहिली असती. खोंड थरथरायचा, कातडी नुसती लहरत राहायची. आजोबा हात त्याच्या वशिंडावर ठेवून सूर न तोडता एक-एक पाऊल मागं यायचे, आणि विहिरीची कड चार हातांवर आली की ‘होऽऽ’. चारी खूर जागच्या जागी. आसूड खांद्यावर असायचा. त्या खोंडावर तो उठलेला मला आठवत नाही. मी काठावर बसून आपला ‘होऽऽ’ म्हणून बघायचो. जुना बैल माझ्याकडे कान वळवायचा, थांबायचा मात्र नाही.

पुढं ऑइल इंजिन आलं. मोट वळचणीला टांगली गेली, तिच्या चामड्याला उंदरांनी भोकं पाडली. बैल औतापुरते उरले. संध्याकाळी पाणी पुरेसं झालं की आजोबा धोतर सावरत इंजिनाशी वाकायचे, इंधन तोडायचे, आणि चाकाची गती उतरू लागली की त्याच्याकडे बघत म्हणायचे, "होऽऽ." इंजिन आणखी चार-पाच वेळा फटफटायचं. ते थांबेपर्यंत आजोबा सूर सोडत नसत.