बॉडी बदलायची की नाही

कार्तिक लागला आणि गावोगावच्या जत्रांच्या तारखा कळू लागल्या, की मला नवा कॅमेरा घ्यावासा वाटतो. बाकीच्यांना ही खाज दसरा-दिवाळीच्या सेलला सुटते. माझी थोडी उशिरा सुटते, कारण तिचं मूळ सवलतीत नसून दशावतारात आहे. सिंधुदुर्गात ज्याला धयकालो म्हणतात तो रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. देवळापुढचा मांडव, पेटी, पखवाज, झांज आणि एक लाकडी बाकडं. राजाचं सिंहासन तेच, रानातला खडकही तेच. मांडवात माणसं, आवाज, रंग सगळं उदंड. फोटो काढणाऱ्याला लागणारा उजेड तेवढा नसतो.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा आग्फाचा क्लिक थ्री. 120च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. ऊन असेल तर फोटो, नसेल तर नाही, असा रोखठोक व्यवहार. त्यामुळे माझे लहानपणीचे सगळे फोटो अंगणातले आणि डोळे बारीक केलेले. आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं असताना झांजेने दचकून उठायचं आणि समोर राक्षस बघून परत तोंड पदरात लपवायचं, त्या रात्रींचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

पुढे कॉलेजात असताना फ्लॅशवाला यशिका हाती आला. रात्रीचे फोटो येऊ लागले आणि नको तसे आले. आधीच पांढराफटक रंगवलेला चेहरा भिंतीसारखा सपाट, मागे मिट्ट काळोख. पेट्रोमॅक्सच्या पिवळ्या उजेडात ज्या माणसाला बघून आपण गप्प बसायचो, तो छत्तीस फोटोंच्या त्या रोलमध्ये लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसला. शिवाय ऐन संवादात डोळ्यांवर झगमगाट झाला, की नट बिचारा शब्द गिळायचा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट तिथल्या तिथे बोलत असतो. त्याचा धागा तोडण्याचा आपल्याला काय हक्क?

2008 साली निकॉनचा डी90 आला. व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर म्हणून त्याचं फार कौतुक झालं. मला व्हिडिओशी देणंघेणं नव्हतं. मी तो घेतला आयएसओ 3200पर्यंत जातो म्हणून, आणि किट लेन्सबरोबर दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारलेली 50 मिलिमीटरची एफ 1.8 डी लेन्स घेतली ती केवळ स्वस्त होती म्हणून. खरं काम या दुसऱ्या चिजेने केलं. किट लेन्स झूम केली की एफ 5.6वर येते. त्या मानाने 1.8वर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. एवढा फरक कॅमेऱ्याच्या बॉडीच्या दोन पिढ्या ओलांडूनही पडत नाही. तरी लोक बॉडीवर लाख घालवतात आणि लेन्स डब्यात आली तीच ठेवतात, हे मला कधी कळलेलं नाही.

या लेन्सने मला रंगपटात नेलं. रंगपट म्हणजे देवळाची एक ओवरी, वर लोंबणारा एक बल्ब. राणीचं काम करणारा नट भिंतीला पाठ लावून बसलेला, हातआरसा दोन गुडघ्यांत धरलेला. मिशी सकाळीच उतरवलेली. काडीने तो ओठाची कड काढतो, थांबतो, मान कलती करून बघतो आणि पुन्हा कड काढतो. तोवर अंगात बनियनच असतं, पण हात मात्र राणीसारखे हलायला लागलेले असतात. आयएसओ 1600, शटर साठांश सेकंद, लेन्स पूर्ण उघडी. ओठाची कड धारदार, कानामागचं सगळं विरघळलेलं. कॅमेऱ्याकडे न बघता तो म्हणतो, "गेल्या वर्षाचो फोटो खंय आसा?" याचं उत्तर कुठल्याही कॅमेऱ्यात मिळत नाही. फोटो छापून पोचवावा लागतो.

छापायचं म्हटलं की मेगापिक्सेलचा बागुलबुवाही गळून पडतो. डी90चा फोटो 12.3 मेगापिक्सेलचा, 4288 बाय 2848. त्याची 12 बाय 18 इंचांची प्रिंट काढली तरी इंचाला साधारण 240 पिक्सेल पडतात. भिंतीवर लावून हातभर अंतरावरून बघणाऱ्याला काही उणं दिसत नाही. आणि 24 मेगापिक्सेल झाले म्हणून प्रिंट दुप्पट लांब होत नाही. लांबी-रुंदी वाढते ती प्रत्येकी सुमारे 1.4 पटीने.

मग अडतं कुठे? रंगमंचावर. डी90ला फोकसचे 11 बिंदू, त्यातला भरवशाचा मधला एकच. काळ्या वेशातला संकासुर नाचत आला की लेन्स घर्र घर्र करत पुढे-मागे चाचपडते आणि सापडेपर्यंत तो बाकड्यामागे गेलेला असतो. 3200ला काळ्यात लाल-निळे दाणे उमटतात ते वेगळेच. दाण्यांचं मात्र एक झालं. 2023 साली लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं डीनॉइज आलं. जुन्या रॉ फाइल मी त्यातून काढल्या आणि टाकून द्यायच्या म्हणून ठेवलेल्या कितीतरी रात्री वर आल्या. फोकस चुकलेला फोटो मात्र कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही.

गेल्या मोसमात भाच्याचा मिररलेस मागून नेला. डोळा ओळखून फोकस धरणारा, शटरचा आवाज बंद करता येणारा. परीक्षणं करणारी मंडळी हा फोकस दाखवायला नेहमी कुत्रा पळवतात. आमच्याकडे कुत्रा रंगमंचावर येतो तो आपणहून. फोकस झकास होता, खोटं का बोला. पण आवाज बंद केला आणि राजाच्या चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे आले. आता मांडवात एलईडी असतात. त्यांतले स्वस्तातले विजेच्या 50 हर्ट्झबरोबर सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण मूक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, त्याला जाणवतं. आवाजाचं शटर चालू केलं, पट्टे गेले. म्हणजे ज्या गुणाच्या लोभाने निघालो होतो तो आमच्या मांडवात निम्मा बाद.

दुसरी अडचण लेन्सची. निकॉनचं एफ माउंट 1959पासूनचं. 2018मध्ये झेड आलं. जुन्या लेन्ससाठी एफटीझेड अडॅप्टर मिळतो, पण त्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळे माझी डी मालिकेतली 50 हाताने फिरवावी लागणार. नवी बॉडी म्हणजे नव्या लेन्सही, हा हिशेब दुकानात कोणी आपणहून मांडत नाही.

शेवटी मी मागे बघितलं. सगळे मिररलेसकडे धावताहेत, त्यामुळे एकेकाळचे भारी डीएसएलआर सेकंडहँड बाजारात निम्म्याहून कमी किमतीला पडून आहेत. 2014चा डी750 घेतला. सेन्सर डी90च्या सव्वादोन पट मोठा, फोकसचे 51 बिंदू पौर्णिमेच्या चांदण्याइतक्या उजेडातही धरणारे, आणि बॉडीत मोटर असल्याने माझी 50 जशीच्या तशी चालते. आरशाचा खटका आहेच. तो पखवाजाच्या थापेवर दाबायचा, ही सवय जुनीच आहे. डी90 विकला नाही. विकून मिळाले असते त्यात चार जणांच्या प्रिंटाही निघाल्या नसत्या.

तुम्हीही याच विचारात असाल तर आधी गेल्या वर्षाचे बिघडलेले फोटो उघडा आणि ते कशाने बिघडले ते बघा. बहुतेक वेळा उत्तर लेन्स निघेल, क्वचित बॉडी. जुनं घ्यायचं ठरलं तर शटर काउंट विचारा आणि लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी हमखास सापडते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.