तीन चाकांवर आलेलं उपनगर

दिंडोशीच्या मेट्रो स्थानकातून खाली पश्चिम द्रुतगती महामार्गाकडे पाहिलं, की गर्दीत जर्मन गाड्या चटकन डोळ्यांत भरतात. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, फोक्सवॅगन. तारा किंवा चार कड्या दिसल्या की शाळकरी मुलं लांबूनच गाडीचं नाव सांगतात, आणि तिची किंमतही त्यांना पाठ असते. जर्मन गाडी म्हणजे पैसा, वेग आणि रुबाब, हे आज सगळ्यांनी मान्य करून टाकलं आहे.

माझ्या लहानपणीही या भागात जर्मन घडणीची गाडी रोज दिसायची, पण तिच्याकडे कुणी मान वळवून पाहत नसे. फटफट आवाज करत, मागे निळसर धूर सोडत ती यायची. तिच्या हौद्यात कांद्याची पोती असायची, विटा असायच्या, लोखंडी कॉट असायची आणि भाद्रपदात गणपतीची मूर्ती असायची. तिला आम्ही टेम्पो म्हणायचो. ती मुळात जर्मनीची, हे तेव्हा आम्हा पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. आज मला ते सांगायचं आहे, कारण इथले संसार, दुकानं आणि कारखाने ज्या गाडीने वाहून आणले, तिचं ऋण मला तारा मिरवणाऱ्या गाड्यांपेक्षा मोठं वाटतं.

टेम्पो हे एका जर्मन कारखान्याचं नाव. हॅम्बुर्गच्या व्हिडाल कुटुंबाने १९२४ साली ‘व्हिडाल अँड सोन’ ही कंपनी काढली आणि काही वर्षांतच ती तीनचाकी मालगाड्या बनवू लागली. त्या काळच्या जर्मनीत दूधवाला, पाववाला, कोळसेवाला यांना ट्रक परवडत नव्हता. १९२८ साली तिथल्या सरकारने अगदी लहान इंजिनाच्या गाड्यांना चालकपरवाना आणि वाहनकर यांतून सूट दिली आणि अशा गाड्यांना मोठं गिऱ्हाईक मिळालं. टेम्पोचा कारखाना वाढला तो या छोट्या माणसाच्या जिवावर. महायुद्धानंतर, जर्मनी ढिगाऱ्यातून उठत असताना, १९४९ मध्ये त्यांनी ‘हॅन्सीट’ हे मॉडेल आणलं. साधारण चारशे सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकाच चाकावर बसवलेलं आणि तेच चाक साखळीने फिरून गाडी ओढणारं. मागे दोन चाकं आणि मोकळा हौदा. पाऊण टनाच्या आसपास माल घेऊन ही गाडी गल्लीबोळात शिरायची.

ती आपल्याकडे आली तीही अशाच गरजेपोटी. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया वकील होते, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेलेले होते. माणसाने माणसाला ओढून न्यायची रिक्षा बंद व्हावी, म्हणून ऑटोरिक्षाचा पाठपुरावा करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. बजाजांच्या साथीने त्यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. व्हिडाल अँड सोनच्या सहकार्याने हॅन्सीटचं उत्पादन सुरू झालं ते आपल्या गोरेगावात. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि तिथेच विस्तारला. पण हॅम्बुर्गची ही गाडी मराठी मुलखात पहिल्यांदा बांधली गेली ती दिंडोशीच्या शेजारी, याचा मला फार अभिमान वाटतो.

तेव्हाची दिंडोशी आजच्या मुलांना डोळ्यांसमोर आणणं कठीण आहे. एका बाजूला १९४९ मध्ये वसलेली आरे दुग्ध वसाहत आणि तिथले म्हशींचे गोठे, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. १९७७ साली चित्रनगरी झाली तरी तिच्याकडे जाणारा रस्ता झाडांतूनच जायचा. संध्याकाळनंतर बस कमी व्हायच्या. पावसाळ्यात रस्त्यांवर चिखल, आणि जिकडेतिकडे चढ-उतार. कुरार व्हिलेजच्या गल्ल्यांत ट्रक शिरत नसे. हातगाडी चढ चढत नसे. टेम्पोला मात्र दोन्ही जमायचं. चढावर मागे भार जास्त झाला की पुढचं चाक पकड सोडू पाहायचं. मग क्लीनर उडी मारून खाली उतरायचा, मागच्या चाकाला दगड लावायचा, चार माणसं फाळक्याला खांदा द्यायची आणि गाडी वर जायची. खांदा देणाऱ्यांत भाडं देणारा असे, तसाच रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही असे.

नव्वदच्या दशकात इथे नागरी निवारा परिषदेची घरं उभी राहिली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन मध्यमवर्गीय आणि गरीब माणसाला परवडेल असं घर मिळावं, म्हणून मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला होता. पाण्यासाठी मोर्चे काढून ‘पाणीवाली बाई’ झालेल्या मृणालताईंनी गोरेगावकरांना घरही मिळवून दिलं. चाळीतल्या एका खोलीतून हजारो कुटुंबं इथे आली, आणि अनेकांचा संसार आला तो टेम्पोतून. आमचाही तसाच आला. लोखंडी कपाट आधी चढवलं, ते आडवं पाडायचं नाही अशी बाबांची सक्त ताकीद. मग कॉट, पिंप, ट्रंका, भांड्यांची पोती, आजीचा पाटा-वरवंटा. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. आई केबिनमध्ये देव्हाऱ्यातले देव मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही मुलं मागे सामानाच्या फटीत. टेम्पोवाले काका दारापर्यंत गाडी आणूनच थांबले नाहीत. कपाट जिन्यातून वर न्यायला त्यांनी स्वतः हात लावला, आईने केलेला पहिला चहा घेतला, आणि “वास्तुशांतीला बोलवा” म्हणून गेले. आईने त्यांना बोलावलं आणि ते आलेही.

टेम्पोवाला हा तेव्हा नाक्यावरचा माणूस होता. त्याचा स्टँड ठरलेला, त्याची गाडी ओळखीची. समोरच्या काचेवर देवाचं नाव, आत मुलीचा फोटो. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची नोकरी गेली आहे, कोणाला भाडं उधार द्यायचं, हे त्याला कळायचं. गाडी बहुधा स्वतःची, बँकेचं नाहीतर पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली. कर्ज फिटलं की दुसरी गाडी आणि त्या गाडीवर गावाकडचा पुतण्या. पुतण्या आधी क्लीनर, मग चालक, मग मालक. अशा रीतीने पाऊण टनाच्या एका गाडीवर दोन-दोन पिढ्या उभ्या राहिल्या. शिक्षण अर्धवट सुटलेल्या माणसाला स्वतःचा मालक होण्याची एवढी सोपी वाट तेव्हा दुसरी क्वचितच होती.

गाडी बिघडली तरी कुणी हबकत नसे. टू-स्ट्रोक इंजिनात भाग मोजकेच. प्लगवर काजळी धरली की काढायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, परत बसवायचा. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं याचा अंदाज चालकाच्या हातात मुरलेला असायचा. साखळी सैल झाली, पाटा तुटला, तरी झाडाखालचा मिस्त्री संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर आणून द्यायचा. हॅम्बुर्गच्या अभियंत्यांनी ही गाडी इतकी साधी ठेवली होती, की दिंडोशीच्या मिस्त्रीला ती उघडून पाहून समजत होती. जर्मन इंजिनिअरिंगचं कौतुक करताना लोक अचूकपणा आणि वेग सांगतात. मला या साधेपणाचं कौतुक जास्त वाटतं.

हॅन्सीटच्या मागोमाग मॅटाडोर आली. तीही मुळात टेम्पोचीच. चार चाकं, पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे मागचा हौदा जमिनीलगत आणि चढ-उतार सोपी. रुग्णवाहिका मॅटाडोरची, शाळेची गाडी मॅटाडोर, लग्नाच्या वऱ्हाडालाही मॅटाडोर. १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली. पाठोपाठ ट्रॅक्स आली आणि चाकरमान्याची सोय झाली. गणपतीच्या आदल्या रात्री कुरार आणि संतोषनगरातून कोकणाकडे ट्रॅक्स निघायच्या. वर टपावर सामान, आत बसता येतील त्याहून जास्त माणसं, आणि पहाटे वडखळला चहा.

या ट्रॅक्समध्ये आणि ट्रॅव्हलरमध्ये जे डिझेल इंजिन धडधडत होतं, ते मर्सिडीजचं होतं. ओएम ६१६ हे त्याचं नाव. २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं. जर्मनीत ते ‘२४० डी’ या मोटारीत बसायचं आणि टॅक्सीवाल्यांचं ते लाडकं होतं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाने अशी गाडी सुमारे ४६ लाख किलोमीटर चालवली आणि ती आज मर्सिडीजच्या संग्रहालयात आहे. तेच इंजिन परवान्याने आपल्याकडे बनू लागलं आणि कशेडी घाटातून मालवणी माणसाला गावी नेऊ लागलं. मर्सिडीजचा तारा आपल्या देशात सर्वदूर पोहोचला तोही आधी मालट्रकमुळेच. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने डायमलर-बेंझशी करार केला आणि पुढची पंधरा वर्षं ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ ट्रकांच्या नाकावर तो तारा होता. मोटारी इथे बनू लागल्या १९९५ पासून, पिंपरीत. चाकणचा स्वतंत्र कारखाना त्यानंतर, २००९ मध्ये.

दरम्यान जर्मनीत टेम्पोचं काय झालं, ते ऐकून मन हळहळतं. १९६० च्या दशकात हानोमागने हा कारखाना घेतला आणि टेम्पोचं नाव मागे पडलं. मग हानोमागचा हा व्यवसायही डायमलर-बेंझकडे गेला. टेम्पोने घडवलेल्या व्हॅनवर मर्सिडीजचा तारा लागला. हॅम्बुर्गची ती जागा आज मर्सिडीजचा सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. मर्सिडीजची कीर्ती जगभर आहे आणि ती कमावलेली आहे. कार्ल बेंझचं १८८६ चं पेटंट, बर्था बेंझचा १८८८ चा मानहाइम ते फोर्झहाइम प्रवास, प्रवाशाचा जीव वाचवण्यासाठी आधी चुरडणारी गाडीची पुढची-मागची बाजू, हे सगळं तिच्या नावावर आहे. महायुद्धात वेठबिगारांकडून करून घेतलेल्या कामाचा काळा इतिहासही तिच्याच नावावर आहे आणि कंपनीने तो पुढे मान्य केला. एवढ्या मोठ्या नावाखाली टेम्पोसारखं लहान नाव दडून गेलं. आपल्याकडे मात्र हॅन्सीट आणि मॅटाडोर शतक संपेपर्यंत बनत राहिल्या. बजाज टेम्पोचं २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. हीच कंपनी १९९७ पासून मर्सिडीजच्या भारतातल्या मोटारींची इंजिनं जुळवून देते. महामार्गावरून सुळकन जाणाऱ्या त्या आलिशान गाडीचा आणि आमच्या तीनचाकीचा वारसा असा एका कारखान्यात येऊन मिळतो.

आज दिंडोशी पूर्ण बदलली आहे. २०२२ पासून मेट्रो धावते आहे. न्यायालय आहे, मॉल आहे, चाळिसाव्या मजल्याचे दिवे आहेत. चित्रनगरीपासून मुलुंडच्या दिशेने डोंगराखालून जुळ्या बोगद्यांचं काम सुरू आहे. माल वाहायला २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आहे, आणि विजेवर चालणाऱ्या तीनचाक्याही आहेत. मोबाइलवर भाडं आधी कळतं, घासाघीस नाही, गाडी कुठे पोहोचली ते दिसतं. जुन्या टेम्पोच्या धुराने डोळे चुरचुरायचे, आवाजाने दुपारची झोप मोडायची, आणि मागे सामानावर बसून जाणं धोक्याचं होतं. तो धूर गेला, तो धोका कमी झाला, हे चांगलंच झालं. मुलांच्या फुफ्फुसांची किंमत देऊन आठवणी जपाव्यात, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मोबाइलवर मागवता येत नाही. आज सामान घेऊन येणारा मुलगा भला असतो, मेहनती असतो, पण त्याला पुढची फेरी गाठायची असते. गाडी बऱ्याचदा दुसऱ्याची, हिशेब तिसऱ्याचा. तो आपल्याला पुन्हा भेटत नाही. त्याचं नाव पडद्यावर येतं आणि फेरी संपली की जातं. त्याला पाणी विचारावं, तर तो घड्याळ पाहतो. यात दोष त्याचा नाही. त्याच्या वाट्याला स्टँड आला नाही, नाका आला नाही, आणि कर्ज फेडून स्वतःचा मालक होण्याची वाट त्याच्यासाठी अरुंद झाली आहे. जुन्या टेम्पोने या भागाला जे दिलं, त्यातलं हे सगळ्यात मोलाचं होतं, आणि ते परत उभं करणं यंत्राच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. मालवाहू चालकांना बसायला सावली, गाडी लावायला हक्काची जागा, पतपेढीचं स्वस्त कर्ज, एवढं जरी या उपनगराने दिलं तरी पुष्कळ होईल.

आणि आणखी एक व्हावं. जगातल्या मोठ्या मोटारकंपन्यांची संग्रहालयं आहेत, तिथे राजेमहाराजांच्या गाड्या चकचकीत ठेवलेल्या असतात. गोरेगावात एक हॅन्सीट जपून ठेवायला हवी, सार्वजनिक जागी, मुलांना हात लावता येईल अशी. शेजारच्या पाटीवर हॅम्बुर्गचं नाव असावं, १९५८ हे साल असावं, आणि ज्यांनी ती चालवली, दुरुस्त केली, ढकलली, त्या टेम्पोवाल्यांचा, मिस्त्र्यांचा आणि हमालांचा उल्लेख त्याच आकाराच्या अक्षरांत असावा. गोरेगाव-दिंडोशीतल्या ज्यांच्या घरी जुना फोटो, जुनं परमिट, जुनी पावती असेल, त्यांनी ती फेकू नये. या उपनगराचा खरा इतिहास त्या कागदांत आहे, आणि तो लिहायला अजून उशीर झालेला नाही.