फळ्याच्या दोन पट्ट्या

फळा बारा फुटांचा होता. त्याच्या मधोमध पंचाहत्तर इंची पॅनेल बसले. डावीकडे तीन फूट फळा उरला, उजवीकडे तीन. डाव्या पट्टीवर तारीख, वार, विषय. त्याखाली पट आणि हजर. उजवी पट्टी बहुधा कोरी असते. पॅनेल बसवायला आलेल्यांनी फळा पुसून घेतला नव्हता. पॅनेलखालून एका भागाकाराची बाकी तेवढी दिसते. बाकी तीन.

वर्ग चिखलीतला. चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. वारकऱ्यांच्या तोंडी अजून टाळगाव चिखली. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत मल्हारपंत कुलकर्णी यांचे नाव घेतात, ते इथले. आता एका अंगाला घरकुलाच्या इमारती, दुसऱ्या अंगाला तळवडे, आणि पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणारी माणसे. वर्गात बीड, लातूर, बुलढाणा, आझमगडकडची मुले. गावची मूळ आडनावे पटावर दोन-तीन.

जूनच्या आधी फळा काळा करत. कोळसा कुटायचा, पाला वाटायचा, चिंधीने सारवायचे. मुलेच करत. पुढे डब्यातला रंग आला. मग मार्करचा पांढरा फळा. त्यावर उजेड पडला की शेवटच्या बाकाला काही दिसत नसे, पण भुकटी उडत नसे. बाईंचा खोकला थांबला, ही गोष्ट खरी. १९८७ साली केंद्राने शाळांना किमान सोयी देण्याची योजना काढली, तिचे नाव ऑपरेशन ब्लॅकबोर्ड. मराठीत खडू-फळा मोहीम. २०१९ साली निघाली ती ऑपरेशन डिजिटल बोर्ड.

दगडी पाटी गेली. लाकडी चौकट, कोपऱ्यांना पत्रा. पडली की फुटे. फुटकीही चाले. मागून पत्र्याची आली, मग प्लास्टिकची. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढत. ती अजून काढतात, कागदावर. फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी, औटकी. ही कोणत्याही यंत्राने नेली नाहीत. १९५७ साली नवे पैसे आले, आणे-पै गेले, पाठोपाठ शेर-पायली गेली, तेव्हाच यांचे काम संपले. साधे पाढे राहिले होते. आता पॅनेलवर गाण्याच्या चालीत लागतात. गाणे बंद केले की मुले सातीपाशी थांबतात. गावातल्या संतपीठात सीबीएसईच्या अभ्यासक्रमाबरोबर संतसाहित्य आणि वादन शिकवतात. पखवाजाचे बोल तोंडाने म्हटल्याशिवाय हातात उतरत नाहीत, त्यामुळे एकसुरात म्हणणे तिथे शिल्लक आहे.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. जांभळीला टांगलेला. शिपाईमामा ठोका देत. ते रजेवर असले की सातवीतला एखादा मुलगा. त्या दिवशी मधली सुट्टी पाच मिनिटे आधी होई. जांभूळ रस्तारुंदीत गेले. घंटा विजेची झाली. ती आधी होत नाही.

नकाशा गेला. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी, वॉर्निशने पिवळा पडलेला. कपाटामागे गुंडाळून उभा करत. भूगोलाच्या तासाला दोन मुले तो आणायला जात आणि तास संपेपर्यंत दोन बाजूंनी धरून उभी राहत. भिंतीला खिळा होता. तो फार उंच होता. धरणाऱ्यांना नकाशा दिसत नसे. समोरच्यांनी उत्तर दिले की सह्याद्री आपल्या कोणत्या कोपराजवळ आहे ते त्यांना समजे. घडीवर विदर्भ विरला होता. पॅनेलवर इंद्रायणी बोटाने ओढता येते. कुरवंड्याला उगम, मग देहू, चिखली, आळंदी, तुळापूरला भीमेत. एका मिनिटात सगळी नदी. मॉन्सूनचे ढग केरळातून वर सरकताना दिसतात, शेवटच्या बाकालाही दिसतात. नकाशा धरायला आता कोणी लागत नाही. इंद्रायणी चिखलीवरून वाहते ती निराळ्या रंगाची. पॅनेलवर ती निळी आहे.

हृदयाची चित्रफीत लागली की वर्ग गप्प होतो. झडप उघडते, मिटते. तक्त्यावरचे हृदय दोन रंगांचे होते आणि हलत नव्हते. बाण मोजावे लागत.

यंत्रेही गेली. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बालचित्रवाणी होती. १९८४ साली सुरू झाली. शाळांसाठी कार्यक्रम बनवी, ते दूरदर्शनवर लागत. शाळेतला टीव्ही लाकडी खोक्यात कुलूपबंद असे. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. मुख्याध्यापक बहुधा बैठकीला. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. टीव्ही त्याआधीच बंद होता.

संगणक कक्षही गेला. चपला बाहेर काढाव्या लागत. वर्गांपैकी फक्त याच खोलीला पडदे होते. आठवड्यातून एक तास, एका संगणकाला चार मुले, माउस एकाच्या हातात. उरलेली तिघे कुठे दाबायचे ते सांगत. संगणकांना फुलाफुलांच्या कापडाचे अभ्रे होते, बाईंनी घरून शिवून आणलेले. पेटीसारखे मॉनिटर पुढे कुदळवाडीच्या भंगारात किलोवर गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची पत्राशेडेही पाडली. कक्षाच्या दारावर ‘संगणक कक्ष’ ही पाटी अजून आहे. आत मोडकी बाके.

हजेरी मिनिटभराची झाली. पूर्वी नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे पुकारत. रोज ऐकून अख्ख्या वर्गाला अख्ख्या वर्गाचे बाप पाठ असत. भांडणात उपयोगी पडत. मग नावांऐवजी क्रमांक आले. ‘हजर’चे ‘प्रेझेंट’ झाले, त्याचे ‘येस मॅडम’. आता मोबाइलवर गैरहजर क्रमांकाला टिचकी मारली की संपले. मस्टर मात्र गेले नाही. तपासणीला कागद लागतो. बाई हजेरी दोनदा भरतात.

दाखल्याची खेप गेली. गावची शाळा सोडून आलेले मूल दाखल्यावाचून अडून राही. बाप रजा टाकून गेवराईला जाई. गुरुजी भेटले तर एका दिवसात काम होई, नाही तर दोन दिवसांची मजुरी बुडे. २०१५ पासून मुलांची नोंद सरकारच्या ‘सरल’ प्रणालीवर आहे. या शाळेने विनंती पाठवायची, त्या शाळेने मान्य करायची. ही खेप गेली त्याचे कोणाला वाईट वाटलेले नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हे तेव्हाचे सरकारी वाक्य. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागू लागली. बाकीचे सगळे फोनवर. चाकणच्या कंपन्या उघडल्या, शाळा उघडल्या नाहीत. घरात फोन एक. तो बापाबरोबर कंपनीत जाई. कॅमेऱ्याचा फोन गेटवर जमा होई आणि आठ तास लॉकरमध्ये पडून राही. बाप पहिल्या पाळीला असला तर अभ्यास संध्याकाळी मिळे. दुसऱ्या पाळीला असला तर मध्यरात्रीनंतर. तिसऱ्या पाळीला असला की तो दिवसा झोपलेला असे आणि फोन उशाशी असे. तो आठवडा चांगला जाई.

शाळा उघडल्या. काही गोष्टी परतल्या नाहीत. आजारी पडलेले मूल मैत्रिणीच्या घरून वही मागून आणत असे. आता पानांचे फोटो येतात. वहीच्या मधल्या चार पानांवर दुसऱ्याचे अक्षर सापडत असे, थोरल्या बहिणीचे नाही तर आईचे. तसे सापडत नाही.

शाई गेली. बोटांवरचा निळा डाग गेला. कित्ता गेला. श्रुतलेखन आठवड्याला एक उरले आहे, तेही परीक्षा जवळ नसेल तर.

निबंध फोन सांगतो. ‘माझी आई’ या विषयावर पाच वह्यांत पाच आया पहाटे पाचला उठतात आणि प्रेमळ व कष्टाळू असतात. त्यातली एक रात्रपाळीला पॅकिंगच्या कामावर जाते. पहाटे पाचला ती लाइनवर असते. गाइडातही आई पहाटेच उठत होती, यात नवे काही नाही. गाइडातून उतरवताना चुका होत. चुकांवरून मूल ओळखू येई.

पुस्तकांवर क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ते आधी वापरून दाखवले. त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात पहिल्या पानांवर कोड आहे. तो मोबाइलने टिपला की धडा बोलतो. भोजपुरी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला ‘ळ’ तिथे हवा तितक्यांदा ऐकता येतो. तो पंधरा-वीस वेळा ऐकतो. बाईंकडे तेवढा वेळ नसतो. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीला मिळणारी जुनी पुस्तके घ्यायला इकडून कोणी जात नाही. त्या पुस्तकांत महत्त्वाच्या ओळींखाली आधीच रेघा मारलेल्या असत. रेघा चुकीच्या ओळींखालीही असत.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाची सुमारे ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकत होती. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला, असे त्यांतल्या ५७ टक्क्यांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. पाहणी ग्रामीण भागाची आहे. चिखली आता ग्रामीण नाही, म्हणून या आकड्यांत नाही.

खिडकी गेली. म्हणजे आहे, पण पॅनेलवर उजेड पडतो म्हणून तिला पडदा लावला. खिडकीतून पटांगण, कडुनिंब आणि फाटकाबाहेरचा चिंचा-बोरांचा पाटीवाला दिसत असे. पाटीवाला केव्हा यायचा बंद झाला ते वर्गातल्या कोणाला सांगता येत नाही. दिवसभर ट्यूबलाइट लागते.

गुरुवार हा या पट्ट्यात कारखान्यांच्या सुट्टीचा वार. महावितरण देखभालीची कामेही गुरुवारीच काढते. दहाला वीज जाते. पॅनेल काळे पडते. घंटा होत नाही. पडदा बाजूला सारतात. बाई खणातून मार्कर काढतात.

मागच्या गुरुवारी भागाकार होता. उजव्या पट्टीवर सुरू केला. तीन फुटांत दोनच उदाहरणे बसली. तिसरे डावीकडे न्यावे लागले. तिथे जागा नव्हती, म्हणून पट आणि हजर पुसले.