खोलीपट्टी

२०१३ साली ब्रिटनमध्ये एकाच नियमाला दोन नावे होती. सरकार त्याला ‘जादा खोलीचे अनुदान रद्द करणे’ म्हणत होते. ज्यांच्या घरात तो नियम शिरला होता ते त्याला ‘बेडरूम टॅक्स’ म्हणत होते. एडिंबरोतील होलिरूड येथे भरणाऱ्या स्कॉटलंडच्या संसदेत त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी या नियमावर वारंवार चर्चा झाली. या चर्चांचे कार्यवृत्त ‘ऑफिशियल रिपोर्ट’ अशा साध्या नावाने प्रसिद्ध होते आणि कुणालाही वाचता येते. आम्ही दोघे पदवीच्या वर्गाला व्यावहारिक मराठी शिकवतो. अनुवादाच्या घटकासाठी उतारे शोधत असताना आम्ही या कार्यवृत्तापाशी पोचलो आणि अपेक्षेपेक्षा बराच काळ तिथे रेंगाळलो.

नियम समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. नगरपालिकेच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या घरात भाड्याने राहणाऱ्या गरीब कुटुंबाला भाडे भरण्यासाठी सरकार तेव्हा ‘हाऊसिंग बेनिफिट’ देत असे. २०१२ च्या कल्याणकारी सुधारणा कायद्यानुसार १ एप्रिल २०१३ पासून अशा घरातील झोपायच्या खोल्या मोजल्या जाऊ लागल्या. जोडप्याला एक खोली. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एक. सोळाच्या आतील दोन मुलगे किंवा दोन मुली मिळून एक. दहाच्या आतील दोन मुले, मुलगा असो वा मुलगी, मिळून एक. या हिशेबापेक्षा एक खोली अधिक निघाली तर ग्राह्य भाड्याच्या १४ टक्के साहाय्य कापायचे, दोन किंवा अधिक निघाल्या तर २५ टक्के. निवृत्तिवयाच्या लोकांना यातून वगळले होते. सरकारच्याच अंदाजानुसार ब्रिटनमधील सुमारे ६ लाख ६० हजार कुटुंबांवर याचा परिणाम होणार होता आणि सरासरी कपात आठवड्याला १४ पौंडांची होती.

आता अडचण अनुवादाची. ‘स्पेअर बेडरूम’ला मराठीत काय म्हणावे? फळ्यावर चार पर्याय आले : जादा, शिल्लक, रिकामी, मोकळी. चारही बरोबर आणि चारही परस्परविरोधी. ‘जादा’मध्ये कुणीतरी आधीच माप घेऊन ठेवलेले आहे. ‘शिल्लक’ खोली उद्या उपयोगी पडू शकते. ‘रिकामी’ खोलीत कुणी राहत नाही, आणि ‘मोकळी’ खोली ही तर घराची ऐपत किंवा घराचा श्वास. (एका मुलाने ‘फालतू’ सुचविले आणि वर्ग हसला, पण या शब्दाचा जुना अर्थ ‘गरजेपेक्षा अधिक’ एवढाच होता, हे सांगितल्यावर हसू थांबले.) आणि ‘बेडरूम’? आमच्यापैकी एकाचे बालपण देशावरच्या वाड्यात गेले. तिथे घर खणांत मोजत, आणि ओसरी, माजघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली या सगळ्यांत झोपायची खोली अशी कुठलीच नव्हती. रात्री जिथे अंथरूण पडेल ती. दुसऱ्याचे बालपण गिरगावातल्या चाळीत. तिथे ‘त्याने दादरला खोली घेतली’ याचा अर्थ त्याने घर घेतले असा होतो. खोली हीच जिथे घर असते तिथे जादा खोली म्हणजे जादा घरच झाले.

म्हणूनच वर्गाचा पहिला कौल सरकारच्या बाजूने पडला, याचे आम्हांला नवल वाटले नाही. एका खोलीत सहा माणसे झोपतात अशा घरांतून आलेली ही मुले. ‘एक खोली जास्तीची आहे, तर तक्रार कसली, सर?’ हा प्रश्न चिडून विचारलेला नव्हता. कार्यवृत्तातील कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्यांचा युक्तिवाद थोड्याफार फरकाने हाच होता : दाटीवाटीने राहणारी कुटुंबे मोठ्या घराच्या यादीत ताटकळत असताना सरकारने दुसऱ्या कुणाच्या रिकाम्या खोलीचे भाडे का द्यावे? शिवाय खाजगी घरमालकाकडे राहणाऱ्या भाडेकरूंच्या साहाय्याला असा हिशेब आधीपासून लागू होताच. आणि ज्याला कर म्हणता तो कर मुळी नाहीच. यातले शेवटचे विधान तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि आम्ही तो तसा नेऊ दिला नाही.

त्याचे उत्तर सभागृहातल्या भाषणांत फारसे सापडत नाही. ते समितीच्या कामकाजात सापडते. होलिरूडने २०१२ मध्ये कल्याणकारी सुधारणांसाठी एक स्वतंत्र समिती नेमली होती. पक्षोपपक्षांचे आणि संस्थांचे प्रतिनिधी ऐकून झाल्यावर तिने ज्यांच्यावर हे गुदरत होते त्यांनाच बोलावून त्यांचे ऐकून घेतले. स्कॉटलंडच्या सरकारचा अंदाज असा होता की, तिथल्या ज्या ७० ते ८० हजार कुटुंबांना कपात लागू झाली त्यांपैकी दहातील आठ कुटुंबांत कुणीतरी अपंग आहे. हे आकडे बाजूला ठेवून खोल्यांकडेच पाहावे. एका खोलीत आजारी माणसाची उपकरणे असतात, कारण दुसरीकडे ती मावत नाहीत. एका घरातले नवरा-बायको आजारपणामुळे एका बिछान्यावर झोपू शकत नाहीत. एका खोलीत घटस्फोटित बापाची मुले शनिवार-रविवारी येतात. सरकारी मोजणीत ती आईच्या घरी राहतात, म्हणून उरलेले पाच दिवस ती खोली जादा. आणि घर बदलायचे म्हटले, तर एका खोलीची सरकारी घरे पुरेशी बांधलेलीच नव्हती. जी होती ती कुटुंबांना समोर ठेवून, दोन-तीन खोल्यांची. जे लहान घर अस्तित्वातच नाही तिथे जायला नकार दिल्याची ही किंमत होती. हे वाचून झाल्यावर वर्गात कुणी कौल बदलल्याचे जाहीर केले नाही. मात्र फळ्यावरचा ‘रिकामी’ हा शब्द एका मुलीने उठून पुसला.

‘बेडरूम टॅक्स’साठी मराठी प्रतिशब्दही तिनेच दिला : खोलीपट्टी. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी खोलीपट्टी. आम्हांला तो फार आवडला. ‘कर’ हा शब्द आज सभ्य आणि घटनात्मक झाला आहे. ‘पट्टी’ला अजून गावावर ‘बसवली’ जाण्याची जुनी आठवण आहे. मराठेशाहीच्या कागदांत लग्नावर लग्नटका आणि पाटावर पाटदाम आढळतात. माणसाच्या घरातले जे काही मोजता येईल त्याच्यावर आकारणी करण्याची ती रीत. मूळ इंग्रजी शब्दामागे अशीच एक आठवण उभी आहे, आणि ती खास स्कॉटिश आहे. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने घरपट्टीऐवजी दरडोई आकारणी आणली तेव्हा तिचे अधिकृत नाव ‘कम्युनिटी चार्ज’ होते; लोकांनी तिला ‘पोल टॅक्स’ म्हटले आणि पुढे इतिहासानेही तेच नाव उचलले. ती स्कॉटलंडमध्ये १९८९ साली, म्हणजे इंग्लंडच्या एक वर्ष आधी लागू झाली. त्यामुळे होलिरूडमध्ये एखादा सदस्य उठून ‘टॅक्स’ म्हणे तेव्हा तो करशास्त्राची व्याख्या सांगत नसे. ‘हा कर नव्हे’ ही दुरुस्ती बिनचूक असूनही टिकली नाही, याचे कारण हे असावे.

या चर्चेत खरी व्यथा वेगळीच आहे. ज्या संसदेत ती चालली होती तिला नियम बदलण्याचा अधिकार नव्हता. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने घरबांधणी होलिरूडकडे दिली आणि सामाजिक सुरक्षा लंडनकडे ठेवली. घर इकडचे, घराच्या भाड्याला मिळणारे साहाय्य तिकडचे. मग या सदस्यांनी बोलायचे ते कशावर? १२९ सदस्यांच्या सभागृहात स्कॉटिश नॅशनल पार्टीचे बहुमत होते आणि लेबर हा मुख्य विरोधी पक्ष. दोघांनाही खोलीपट्टी नको होती. तरीही सर्वांत कडवट शब्द एकमेकांना उद्देशून आहेत. सत्ताधारी म्हणत : हा जुलूम संपवायचा तर सगळे अधिकार इकडे आले पाहिजेत, स्वतंत्र व्हा. सप्टेंबर २०१४ चे सार्वमत डोळ्यांपुढे होते आणि २०१३ च्या नोव्हेंबरातील श्वेतपत्रिकेत खोलीपट्टी रद्द करण्याचे वचनही होते. लेबरचे म्हणणे : हातात आहे तो पैसा आज खर्च करा, थकबाकीसाठी कुणाला घराबाहेर काढता येणार नाही असा कायदा आज करा. जॅकी बेली यांनी तशा विधेयकाचा प्रस्ताव मांडला होता. लोकांचे भाडे थकत असताना त्या थकबाकीचा मुद्दा म्हणून किती काळ उपयोग करायचा, हा प्रश्न त्या संपूर्ण कार्यवृत्तात ओळींच्या मधून वाहतो. आमच्या मते सत्ताधाऱ्यांनी तो गरजेपेक्षा अधिक काळ वाहू दिला.

शेवटी वाट निघाली ती हिशेबाच्या वहीतून. अडचणीत आलेल्या भाडेकरूला नगरपालिका आपल्या मर्जीनुसार जादा रक्कम देऊ शकते, अशी एक जुनी तरतूद होती : ‘डिस्क्रिशनरी हाऊसिंग पेमेंट’. तिच्यावर किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा लंडन ठरवीत असे. २०१४ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री जॉन स्विनी यांच्या अंदाजपत्रकाच्या वेळी लेबरशी तडजोड झाली आणि स्कॉटलंड सरकारचा वाटा साडेतीन कोटी पौंडांवर गेला. लंडनच्या दीड कोटीसह पाच कोटींत खोलीपट्टीची जवळजवळ भरपाई होणार होती. मेमध्ये मर्यादा ठरविण्याचा अधिकारही एडिंबरोला देण्याचे मान्य झाले. म्हणजे एका सरकारने कापायचे, दुसऱ्याने तेवढेच भरून द्यायचे, आणि नियम मात्र जागच्या जागी.

उत्तर आयर्लंडचे चित्र याच्या नेमके उलटे. तिथल्या विधानसभेकडे सामाजिक सुरक्षेचा अधिकार कागदोपत्री होता. पण लंडनपेक्षा वेगळा नियम करायचा तर खर्च आपल्या खिशातून. तिथले विधेयक रखडत रखडत मे २०१५ मध्ये पडले आणि अखेर लंडनलाच कायदा करू द्यावा लागला. इच्छा, अधिकार आणि पैसा ही तिन्ही एका सभागृहात एकदम नांदताना या प्रकरणात कुठेच दिसत नाहीत.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावे असे आणखी एक प्रकरण आहे. एवढा कायदा झाला. पण ‘बेडरूम’ म्हणजे काय हे त्यात कुठेही सांगितलेले नव्हते. २०१३ च्या सप्टेंबरात फाइफमधील एका न्यायाधिकरणाने दाटीविषयीच्या जुन्या कायद्यातील क्षेत्रफळाची मापे आधाराला घेऊन, अगदी लहान खोली ही बेडरूमच नव्हे असा निर्णय दिला. आपण जिला अडगळीची खोली म्हणू, ती एका दिवसात मोजणीतून बाहेर! सरकार वरच्या न्यायाधिकरणात गेले. २०१४ मध्ये तिथे ठरले ते असे की, बेडरूम हा नेहमीच्या वापरातला, सर्वांना ठाऊक असलेला शब्द आहे. त्याचा अर्थ एका मापात बांधता येणार नाही. आकार, उजेड, वारा, बिछाना आत मावतो की नाही, हे सगळे मिळून पाहावे. कोशकाराचे काम न्यायाधीशाच्या अंगावर पडले आणि त्याने ते शब्द वापरणाऱ्याकडे परत पाठविले. एरवी इतके शहाणपण आम्हांला अर्थविचाराच्या पाठ्यपुस्तकांतही आढळलेले नाही. पुढे २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आलेली हकीकत मात्र कोशाच्या पलीकडची आहे. हिंसक माणसापासून जीव वाचविण्यासाठी एका स्त्रीचे तीन बेडरूमचे घर सरकारी योजनेतूनच मजबूत करण्यात आले होते, पोटमाळ्यावर लपण्याची सुरक्षित जागा करून दिली होती. घरात ती आणि तिचा मुलगा. मोजणीनुसार एक खोली जादा. न्यायालयाने हा भेदभाव ठरविला.

हे सगळे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येईल का? दाटीचा आणि भाड्याचा धागा तसा जुना आहे. १९१५ साली ग्लासगोत मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले, तेव्हा ब्रिटनने युद्धकाळापुरती भाडी गोठविली. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबईतही युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा आला. गिरगावातली ती खोली आमच्या आजोबांना परवडली, ती ज्या भाडेनियंत्रणामुळे त्याचे मूळ तिथे आहे. पण वर्गात ज्याने आम्हांला गप्प केले ते याहून जवळचे होते. ‘हाऊसिंग बेनिफिट’ला एका विद्यार्थ्याने सहजपणे ‘घरभाडे भत्ता’ म्हटले. आम्ही त्याला थांबवले : घरभाडे भत्ता नोकरदाराला पगाराबरोबर मिळतो, इथे ‘घरभाडे साहाय्य’ म्हणावे. मग त्याने विचारले, भत्ता देताना घरातल्या खोल्या मोजतात का? नाही मोजत. मूळ वेतनाच्या ठरावीक टक्क्यांत तो दरमहा जमा होतो, आणि आमच्या घरी पुस्तकांसाठी ठेवलेली खोली जादा आहे की शिल्लक, हे आजवर एकाही सरकारने विचारलेले नाही. भत्ता आणि साहाय्य यांत फरक काय, याचे उत्तर त्याने आमच्याकडून घेतले नाही. वहीत ‘साहाय्य’ लिहून घेतले.

अनुवादाची अंतिम प्रत आता तयार आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्यांच्या तोंडी ‘जादा खोलीचे अनुदान’ आणि इतरांच्या तोंडी ‘खोलीपट्टी’ असे दोन्ही शब्द ठेवले आहेत. ‘जादा’ हा एकच पर्याय पुसायचा राहिला होता, तो तसाच राहिला. ‘डिस्क्रिशनरी हाऊसिंग पेमेंट’ला परिभाषा कोशाच्या धर्तीवर आम्ही ‘विवेकाधीन घरभाडे प्रदान’ सुचविले होते. स्कॉटलंडमध्ये खोलीपट्टीची भरपाई अजूनही याच मार्गाने होते आणि तिच्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. कोणाच्या विवेकाच्या अधीन, असे मुलांनी समासात लिहून आमचा शब्द खोडला आहे. त्या जागी अद्याप काही लिहिलेले नाही.