मातीचा वास

पहिल्या पावसाने गोदाकाठची माती दरवळली, की आमचे आजोबा दीर्घ श्वास घेतात. तरुणपणी क्षयाने खंगलेले आजोबा स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी वाचले. १९४३ साली हे औषध मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. आणि हा दरवळही त्याच्याच जातभाईंचा! आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन सापडले.

विज्ञान शाखेतला मित्र म्हणाला, "या जिवाणूंना ग्लुकोज भरपूर दिले, तर ते नुसते फोफावतात. औषध बनते ते बहुधा अन्न सरत आल्यावर. म्हणून सोयाबीनच्या पिठासारखा सावकाश पचणारा शिधा देतात."

अर्धपोटी राहून मुलांना शिकवणाऱ्या आजोबांना हे सांगितले. ते हसून म्हणाले, "अरे, लाडाने अंग भरते, गुण चणचणीतच येतो."