डबा जोडला, पण संगणकाला दिसेना

माईकचा आवाज संगणकात उतरवायचा तर मध्ये एक छोटा डबा लागतो. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दुकानात 'साउंड कार्ड' म्हटले तरी कळते. एका अंगाला माईकची जाड वायर, दुसऱ्या अंगाला यूएसबी. लिनक्सवर तो जोडून काहीच घडले नाही, तर लोक डबा परत करायला निघतात. "लिनक्स? त्याच्यावर नाही चालणार," असे आम्हांलाही एका दुकानात सांगण्यात आले. ते खरे नव्हते, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या विहारातला जुना संगणक नव्या विंडोजला पुरत नाही. लिनक्स त्यावर चालते, परवान्याचे पैसेही पडत नाहीत. 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती सुरू केली. तिच्या आतले लिखाण कोणीही वाचावे, दुरुस्त करावे, अशी मोकळीक आहे. विद्या कुलपात ठेवली की काय होते, हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. त्यामुळे ही मोकळीक आम्हांला मनापासून आवडली.

काम होते वस्तीतल्या आजोबांची गाणी टिपण्याचे. 1956 साली नागपूरला वडिलांच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेचा सोहळा पाहिलेला हा माणूस. जलशातली कित्येक गाणी त्यांच्या तोंडपाठ. ना वहीत, ना कॅसेटमध्ये. दम्यामुळे एका बैठकीला दोनच गाणी होतात. मोबाइलवर टिपून पाहिले, तर पेटीच्या आवाजात शब्द बुडाले. (टेपरेकॉर्डरचे बरे होते, दोन कळा एकदम दाबल्या की झाले!)

"पोरी, तुझ्या मशिनला माझा आवाज ऐकू येत नाही का गं?"

"आजोबा, तिला अजून डबाच दिसला नाही."

पोरीने नेमके सांगितले. आधी दिसणे, मग ऐकणे. टर्मिनल नावाची खिडकी उघडून तिने 'एल-एस-यू-एस-बी' ही इंग्रजी अक्षरे लागून टाइप केली. यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी आली. डबा काढून पुन्हा तेच केले. दोन्ही याद्या सारख्याच! म्हणजे दोष लिनक्सच्या सेटिंगमध्ये शोधण्यात अर्थ नव्हता. वायर, खाच किंवा डबा, यांपैकी काहीतरी बिघडलेले. डब्याचा दिवा तर लागत होता. पण दिवा फसवा असतो. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात: लाल-काळी विजेची, हिरवी-पांढरी माहितीची. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त वायरीत मागच्या दोन नसतातच. जुन्यात घेतलेल्या आमच्या डब्यासोबत मिळालेली वायर त्याच जातीची निघाली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी प्रिंटरची वायर दिली, ती नेमकी बसली आणि यादीत एक ओळ वाढली.

पुढची तपासणी 'ए-रेकॉर्ड', मग जागा सोडून वजा चिन्ह आणि लहान 'एल'. आवाज टिपू शकणारी कार्डे यात दिसतात. पहिल्या यादीत नाव आहे आणि इथे नाही, तर अडचण ड्रायव्हरची समजावी. यूएसबी आवाजाचे सर्वमान्य नियम पाळणाऱ्या डब्यांना लागणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, सीडी लागत नाही. म्हणून विकत घेतानाच 'क्लास कम्प्लायंट आहे का?' एवढे विचारावे. आमचा होता.

तरी ऑडॅसिटीत नाव दिसेना. हा कार्यक्रम उघडताना एकदाच यादी वाचतो. तो बंद करून पुन्हा उघडला, टिपण्यासाठी संगणकाच्या आतल्या माईकऐवजी डबा निवडला, आणि आजोबांच्या खोकल्यासरशी पडद्यावर हिरवी पट्टी हलली.

त्या दुपारी दोन गाणी उतरली. पेटी आहे, पण शब्द स्वच्छ ऐकू येतात. तिसऱ्याचे धृवपद म्हणून आजोबा थांबले, उरलेले रविवारी. प्रिंटरची वायर दादांना परत केली. तशीच एक विकत आणून, निळा दोरा बांधून विहाराच्या कपाटात ठेवली आहे. चार्जिंगसाठी कोणी नेऊ नये.